घरी सांगितल्यानंतर

इंग्रजीत माणूस बाहेर येतो. आपल्याकडे तो घरी सांगतो. 'कमिंग आउट' हा शब्द आपण तसाच उचलला, व्याख्यानांत आणि वर्तमानपत्रांत वापरलाही, पण चार समलिंगी माणसं चहाला बसली की एकमेकांना विचारतात ते एवढंच, "घरी सांगितलंस का?" सांगितलेलं असेल तर पुढचा प्रश्न ठरलेला: "आई काय म्हणाली?" वडील काय म्हणाले हे तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला येतं, पुष्कळदा येतच नाही.

हे पुस्तक त्या दुसऱ्या प्रश्नातून निघालं. यात सतरा बायका बोलतात. अकरा जणींचा मुलगा गे किंवा मुलगी लेस्बियन आहे. उरलेल्या सहा जणी स्वतः बाईवर प्रेम करणाऱ्या आहेत आणि आया आहेत. पाच जणींची मुलं आधीच्या लग्नातली, एकीनं मुलगी दत्तक घेतलेली. मी दोन्ही रांगांत उभी आहे. आईला सांगणारी लेक मी होते, आणि लेकीला सांगणारी आईही मीच. संपादनाचं काम माझ्याकडे आलं ते बहुधा म्हणूनच. सव्वीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईकडे याहून वेगळी पात्रता नव्हती.

मी आईला सांगितलं ते 2013 च्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, सांगलीला, स्वयंपाकघरात. तेव्हा मी चाळीस वर्षांची होते आणि माझी मुलगी दहाची. नवऱ्याला उन्हाळ्यातच सांगून झालं होतं. आई आमच्याबरोबर द्यायचा फराळ भरत होती. मी बोलायला लागले तेव्हा चकल्या चालल्या होत्या. संपवलं तेव्हा ती डब्याच्या झाकणाखाली कागद घालून झाकण दाबून बसवत होती. म्हणाली, "शंकरपाळी देऊ का अजून?" मी नको म्हटलं. तिनं दिली.

पाच आठवड्यांनी, 11 डिसेंबरला, सुप्रीम कोर्टानं दिल्ली उच्च न्यायालयाचा 2009 चा निकाल फिरवला आणि समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम 377 पुन्हा जसंच्या तसं उभं राहिलं. मी नाताळात सांगलीला गेले तेव्हा देवघराखालच्या खणात, विजेच्या बिलांबरोबर, त्या बातमीचं कात्रण होतं. कडा कात्रीनं नीट कापलेल्या. मी काही बोलले नाही, तीही नाही. माझा समज झाला की हा माझ्याविरुद्धचा पुरावा आहे. कधी वाद झाला तर ती खण उघडेल आणि म्हणेल, बघ, कोर्टसुद्धा तेच म्हणतंय. पाच वर्षं मी त्या खणाला घाबरून होते. 6 सप्टेंबर 2018 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं संमतीनं एकत्र आलेल्या प्रौढांपुरतं ते कलम रद्द केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला. पेपर वाचलास का, विचारलं.

"वाचला," आई म्हणाली. "आता ते परत फिरवणार नाहीत ना?"

पाच वर्षं जे मी तिचं हत्यार समजत होते ती तिची धास्ती होती. मला कुणी पकडून नेलं तर कागद हाताशी असावा, एवढ्यासाठी तिनं तो ठेवला होता. याचा अर्थ तिला माझं पटलं होतं असा नाही. तेव्हाही पटलं नव्हतं, आजही किती पटलं आहे ते मला ठाऊक नाही. न पटणं आणि पोटात गोळा येणं या दोन्ही गोष्टी एकाच बाईत, एकाच खणात होत्या. पुस्तकातल्या सतरा कथनांत मला पुन्हा पुन्हा दिसलं ते हेच, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलं.

2018 च्या त्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी वेगळं निकालपत्र लिहिलं. या समाजाला न्याय मिळायला जो उशीर झाला त्याबद्दल इतिहासानं त्यांची माफी मागायला हवी, असं त्यात आहे, आणि हे वाक्य पुढे खूप गाजलं. ते उद्धृत करताना लोक बहुतेक वेळा त्यातलं एक टोक गाळतात. ज्यांची माफी मागायची त्यांत न्यायमूर्तींनी कुटुंबीयांनाही धरलं आहे. आईबापांचीही माफी. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिडले होते. ज्यांनी मुलांना कोंडलं, ज्योतिषाकडे नेलं, लग्नाला उभं केलं, त्यांची कसली माफी? ही कथनं उतरवून काढल्यावर माझी चीड ओसरली असं म्हणणार नाही, पण ते टोक तिथे का आहे हे कळलं.

'स्वीकार' या शब्दाबद्दल इथेच बोलून घेते. पालकांविषयी बोलताना सगळे हाच शब्द वापरतात. आईनं स्वीकारलं का? अजून स्वीकारलं नाही. मुंबईत 2017 साली अशा मुलांच्या पालकांनी एकत्र येऊन गट काढला त्याचं नावही 'स्वीकार' आहे, आणि त्या गटानं कितीतरी घरं सावरली आहेत. माझं भांडण गटाशी नाही, शब्दाशी आहे. बँकेत आम्ही धनादेश स्वीकारायचो, अर्ज स्वीकारायचो. काउंटरच्या आतल्या माणसानं बाहेरच्याचा कागद घ्यायचा, तपासायचा, शिक्का मारायचा, झालं. या पुस्तकातली एकही आई काउंटरच्या आत बसलेली नाही. बातमी घरी सांगितली जाते, आणि त्या क्षणापासून घरातली सगळ्यात जास्त बोलावणी असलेली, सगळ्यात जास्त प्रश्नांना उत्तरं द्यावी लागणारी बाई स्वतःच रांगेत उभी राहते. जावेला काय सांगायचं, भिशीत काय सांगायचं, 'यंदा कर्तव्य आहे का' असं विचारणाऱ्याला काय सांगायचं? मुलानं एकदा सांगितलं की त्याचं ओझं उतरतं. ते जमिनीवर पडत नाही, आईच्या डोक्यावर जातं. आमच्या बैठकांत एका आईनं हे फार नेमकं सांगितलं: "त्यानं सांगितलं आणि तो पुण्याला निघून गेला. मी इथेच, गल्लीत."

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ज्यांना भेटले त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण त्यांचं कथन वाचून काही वाचकांना त्या कोत्या वाटतील. मला वाटल्या होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा बंगळुरात जोडीदाराबरोबर राहतो. तो जोडीदार सुट्टीत घरी येतो, त्याला तांबडा रस्सा सोसत नाही म्हणून त्याच्यासाठी पांढरा वेगळा होतो. म्हणजे रूढ अर्थानं सगळं 'स्वीकारलेलं'. मी तसं म्हटलं तर बाई उठल्या आणि कपाटातून एक लांबट वही घेऊन आल्या. लाल पुठ्ठा, कोपरे झिजलेले. आहेराची वही. 1989 पासूनची. कुणाच्या लग्नात स्टीलची कळशी, कुणाच्या बारशाला अंगठी, पुतणीच्या लग्नात साडी आणि एक हजार एक, पुढे आकडे वाढत गेलेले. प्रत्येक पानावर उजवीकडे एक रकाना: परत काय आलं. तो पानामागून पान रिकामा.

"पोरगं तसं आहे याचं आता मला काही नाही, ताई," त्या म्हणाल्या. "पण पस्तीस वर्षं मी सगळ्यांच्या मांडवात गेले, वाढलं, दिलं. माझ्या दारात लोक जेवायला कधी यायचे?"

परतीच्या एस.टी.त मला राग आला होता. मुलगा सुखात आहे आणि ही बाई कळशा मोजतेय! घरी येऊन ध्वनिमुद्रण ऐकत लिहून काढताना, तिसऱ्यांदा ऐकताना, माझी मलाच लाज वाटली. येणं बाकी म्हणजे काय हे माझ्याइतकं कुणाला कळायला हवं होतं? त्या वहीत कळशा नव्हत्या. गावातली तिची पत होती. जिनं कधी पगार आणला नाही, जिच्या नावावर शेत नाही, तिनं पस्तीस वर्षं लोकांच्या कार्यात राबून आणि देऊन जे जमा केलं, ते वटवायचा एकच दिवस असतो, आणि तो मुलाच्या लग्नाचा. मुलाच्या सुखाचं तिला दुःख नाही. तिचं खातं गोठलं आहे, आणि हे दुःख बोलून दाखवायची सोय नाही. कारण बोललं की ती वाईट आई ठरते. म्हणून ते वहीतून बोललं गेलं.

वाईट आई ठरवण्याची घाई फार जुनी आहे. 1962 साली अमेरिकेत अर्व्हिंग बीबर या मनोविश्लेषकानं समलिंगी पुरुषांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलाला अतिजवळ ओढून धरणारी आई आणि दूर राहिलेला बाप, यांतून मुलगा असा होतो, असा त्याचा निष्कर्ष. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं 1973 मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनंही 2018 मध्ये हा आजार नाही असं जाहीरपणे सांगितलं, सिद्धान्त मेला. पण त्याचं भूत साताऱ्यापर्यंत आलेलं आहे. बीबरचं नाव न ऐकलेल्या नणंदा आणि सासवा तेच म्हणतात: लाडावून ठेवलास, पदराखाली वाढवलास. मुलगी असेल तर उलट, मुलासारखी वाढवलीस. अकराच्या अकरा आयांनी कधी ना कधी "माझंच काय चुकलं?" हे वाक्य उच्चारलं आहे. त्यातल्या एकीनं गरोदरपणात पाहिलेल्या ग्रहणापर्यंत शोध नेला होता.

यातून आईची माया जे करते ते वाचणं सोपं नाही. एका आईनं मुलीला 'बरं' करण्यासाठी शहरातल्या एका नामांकित म्हणवणाऱ्या डॉक्टरकडे आठ महिने नेलं. बसनं जाताना दर वेळी तिच्या आवडीची कैरी-मीठ घ्यायची. मुलगी आता तिशीत आहे, आईशी बोलते, औषधाच्या त्या गोळ्यांबद्दलही बोलते. मात्र कैरीचा विषय काढला की उठून जाते. असं 'रूपांतर' करू पाहणारे उपचार 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं बंद करायला सांगितले आणि 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ते डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. त्या आईला मी हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "मग त्या वेळी कुणी का नाही सांगितलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'मुलीला दुखवलंस' हे तिला सांगायची हिंमतही नव्हती. आणि ते तिला माहीत होतं.

आपल्या साहित्यानं या आयांना बोलायला उशिरा दिलं. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' 1981 मध्ये रंगमंचावर आलं; सुमित्राची ती गोष्ट सांगतो कॉलेजातला मित्र बापू. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'त, 2006 मध्ये, एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडलेले भाऊ आणि बहीण बोलतात. दोन्ही कलाकृती मला प्रिय आहेत, आणि दोन्हींत आई कथा सांगणारी नाही. आईला एकटीला रंगमंचावर उभं केलं ते चेतन दातारांनी, '1, माधवबाग'मध्ये. मोना आंबेगावकरांनी त्याचे हिंदी प्रयोग केले आणि पुढे 'इव्हनिंग शॅडोज' या चित्रपटात पुन्हा अशीच एक आई उभी केली. खऱ्या आया मात्र या नाटकाआधीच बोलत होत्या. 1986 साली 'सॅव्ही' मासिकात अशोक राव कवी आपण गे आहोत असं उघड बोलले तेव्हा त्यांच्या आई शोभा राव कवी यांचीही मुलाखत छापून आली होती. 377 च्या लढाईत पालकांचा एक गट सुप्रीम कोर्टात आपलं म्हणणं घेऊन उभा राहिला, त्यात मराठी रंगभूमी आणि चित्रपटांतल्या चित्रा पालेकर होत्या, एका लेस्बियन मुलीची आई म्हणून. आमच्या सतरा जणींतल्या चौघींनी त्यांना कुठे ना कुठे बोलताना ऐकलं आहे. एकीनं सांगितलं, "त्यांची साडी बघून धीर आला. आमच्यासारखीच सुती होती."

आणि 2015 ची ती जाहिरात. मुंबईच्या पद्मा अय्यर यांनी मुलगा हरीश याच्यासाठी 'वर पाहिजे' अशी जाहिरात द्यायचं ठरवलं. काही वर्तमानपत्रांनी नाकारली, 'मिड-डे'नं छापली. जातीची अट नाही, मात्र अय्यर असल्यास उत्तम, असं त्यात होतं. त्या कंसातल्या अय्यरवरून तेव्हा रान उठलं. टीका योग्यच होती. पण मला त्या जाहिरातीत जी आई दिसली ती माझ्या ओळखीची आहे: जग उलटंपालटं झालं तरी स्थळ बघायची जुनी फूटपट्टी तिच्या हातातून सुटत नाही. या पुस्तकातली एक आई मुलीच्या जोडीदारणीवर दोन वर्षं नाराज होती. मुलगी बाईबरोबर राहते म्हणून असेल असं मी धरून चाललेले. नाराजी त्या बाईच्या आडनावावर होती. ते कथन मी गाळलेलं नाही, सौम्यही केलेलं नाही.

आता दुसऱ्या रांगेकडे. लग्न झालेल्या, मुलं असलेल्या बाईला उशिरा कळतं किंवा उशिरा कबूल करता येतं, तेव्हा तिच्यापुढे पहिला प्रश्न प्रेमाचा नसतो. पोर हातचं जाईल का, हा असतो. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक आधी बाप, मग आई. लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात 1999 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या 'मग'चा अर्थ थोडा सैल केला, एवढंच. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं. माझी मुलगी दहाची होती. आमचा घटस्फोट संमतीचा होता, अर्जात 'स्वभाव जुळत नाहीत' यापलीकडे काही लिहावं लागलं नाही, आणि मुलीच्या बापानं माझ्याविरुद्ध शब्द काढला नाही. तरीही वकिलीणबाईंनी बजावलं होतं: निकाल होईपर्यंत कुणाला कळता कामा नये.

म्हणून मी मुलीला सांगितलं, आजीला यातलं काही बोलू नकोस. आणि आईला आधीच सांगून ठेवलं होतं, नातीला यातलं काही कळू देऊ नकोस. निकाल 2015 मध्ये लागला. ही दोन कुलुपं काढायचं मात्र मला सुचलं नाही. खरं तर सोयीचं होतं. पुढची तीन वर्षं आजी आणि नात मे महिन्याच्या सुट्टीत गच्चीवर शेजारी-शेजारी अंथरुणं घालून झोपत, आणि दोघी एकमेकींपासून एकच गुपित लपवत. 2018 च्या गणपतीत, निकालाच्या पुढच्याच आठवड्यात, मोदक वळताना ते फुटलं. कोण आधी बोललं यावर दोघींचं आजही एकमत नाही. मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिला माझ्या आयुष्याबद्दल तक्रार नव्हती. ती म्हणाली, "तू तुझं ओझं दहा वर्षांच्या मुलीला सांभाळायला दिलंस." वर मी आयांच्या डोक्यावरच्या ओझ्याबद्दल लिहिलं ते दुरून पाहून लिहिलेलं नाही.

माझ्या जोडीदारणीला ती मावशी म्हणते. आपली भाषा अशा वेळी फार मदत करते, आणि तीच अडकवूनही ठेवते. माय मरो पण मावशी जगो म्हणणाऱ्या समाजात घरात एक मावशी असण्याबद्दल कुणी भुवई उंचावत नाही. तसंच 'सोबत'. आई सांगलीच्या शेजारणींना सांगते, "हिची मैत्रीण आहे, तिथेच असते, सोबतीला." मला हे कित्येक वर्षं खोटं वाटायचं. आता वाटतं, यात खोटं काय आहे? सोबतच तर आहे. पण ज्या दिवशी मुलगी शाळेच्या दारात तापानं पडली आणि आणायला मावशी गेली, त्या दिवशी शाळेनं मुलीला तिच्या ताब्यात दिलं नाही. रजिस्टरात 'आई', 'वडील' आणि 'पालक' असे तीन रकाने होते आणि मावशीचं नाव एकातही नव्हतं. शाळेचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सोबत या शब्दाला कुठे रकाना नाही.

कायद्यातही तो फारसा नाही. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सुप्रीम कोर्टानं समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला नाही, आणि अविवाहित जोडप्याला मिळून दत्तक घेता यावं ही मागणी तीन विरुद्ध दोन मतांनी अडली. एकटी बाई दत्तक घेऊ शकते. दोघी मिळून नाही. आमच्या पुस्तकातल्या सहाव्या आईनं तेच केलं: कागदावर एकटी. घरात मुलीला दोन आया आहेत, सरकारी दप्तरी एक. 2021 च्या सरोगसी कायद्यात विवाहित जोडप्यांखेरीज फक्त विधवा आणि घटस्फोटित बायकांना वाव आहे. 2024 मध्ये समलिंगी जोडीदारांना एकत्र बँक खातं काढायला आड येणारं काही नाही असा खुलासा अर्थ मंत्रालयानं केला, आणि अशा जोडीदारांना रेशन कार्डावर एकाच घरातले धरा असंही केंद्रानं राज्यांना कळवलं. जोड खात्याची बातमी वाचून माझ्या जुन्या शाखेतल्या एका सहकाऱ्यानं फोन केला, "मॅडम, या, मी उघडून देतो." आम्ही गेलो. त्यानं नात्याच्या जागी काय लिहू विचारलं. शेवटी आम्ही तिघांनी मिळून 'मैत्रीण' लिहिलं.

या पुस्तकात जे नाही तेही सांगायला हवं. बाप जवळजवळ नाहीत. मी सातजणांना विचारलं; पाचांनी "हिच्याशीच बोला" म्हणून बायकोकडे बोट दाखवलं, दोघे बोलले आणि नंतर नको म्हणाले. धुण्याभांड्याची कामं करणारी, ऊसतोडीला जाणारी आई यात एकच आहे, आणि ते माझं अपयश आहे. मी माझ्या ओळखीच्या वर्तुळाबाहेर पुरेशी गेले नाही. मुस्लिम आई एकही नाही. तृतीयपंथी मुलांच्या आयांचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे, तो याच पुस्तकात कोंबणं बरं दिसलं नसतं.

2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. पंचवीस वर्षांच्या मुलीला घरच्यांनी डांबून ठेवलं होतं, तिच्या मैत्रिणीनं कोर्टात धाव घेतली. आईचं म्हणणं, या दुसरीनं माझ्या लेकीला बिघडवलं. न्यायाधीशांनी मुलीला तिच्या मर्जीनं जाऊ दिलं, निवडलेलं कुटुंब हेही कुटुंबच असं म्हटलं. निकाल चांगला आहे, कुणाच्याही उपयोगी पडेल. त्यात त्यांनी असंही नोंदवलं की प्रत्येक आई लीला सेठ नसते. लीला सेठ म्हणजे विक्रम सेठ यांच्या आई, उच्च न्यायालयाच्या देशातल्या पहिल्या स्त्री मुख्य न्यायमूर्ती. 2013 च्या निकालानंतर एक आई आणि एक न्यायाधीश अशा दोन्ही नात्यांनी त्यांनी जाहीरपणे त्या निकालाविरुद्ध लिहिलं होतं. बाकी निकाल मला मान्य आहे. त्या तुलनेपाशी मात्र अडखळायला होतं. वहीवाली बाई लीला सेठ नाही. माझी आई नाही. मीही नाही. आणि लीला सेठ यांनीही मुलाच्या या गोष्टीशी जुळवून घेण्याबद्दल आत्मचरित्रात लिहिलं आहे, म्हणजे पहिल्या दिवसापासून त्याही लीला सेठ नव्हत्या.

थोडं तांत्रिक. कथनं बोलीत आहेत तशी ठेवली आहेत. चौदा जणींची नावं आणि गावं बदलली आहेत. तिघींनी खरीच छापा म्हणून आग्रह धरला. अठरावं कथनही होतं. पुस्तक छापायला जायच्या आठवड्यात त्या आईनं ते परत मागितलं, घरात पुतण्याचं लग्न ठरलं होतं. ते लगेच दिलं. माझ्या मुलीनं लिहावं अशी माझी इच्छा होती, तिनं नकार दिला. छपाईआधीची एक प्रत आईकडे पाठवली होती. तिनं तिला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आहे, आमच्या शाळेच्या पुस्तकांना घालायची तसं, चारी कोपरे आत दुमडून. वाचली का, हे मी विचारलेलं नाही.

वाचकांना एकच विनंती आहे. यातलं एखादं घर ओळखीचं वाटलं तर चौकशी करायला जाऊ नका. तुमच्याकडे कार्य असेल तेव्हा मुलाच्या आणि त्याच्या जोडीदाराच्या, मुलीच्या आणि तिच्या जोडीदारणीच्या, दोघांच्याही नावानं पत्रिका पाठवा. आणि त्या आईच्या घरी कधी वास्तुशांत असो, साठी असो, साधी सत्यनारायणाची पूजा असो, तिनं बोलावलं की जा. जाताना हात रिकामे नेऊ नका. ती वहीत लिहून ठेवेल.